तपासणीची वही

तुमच्या लेकराची वही नक्की कोणी लिहिली आहे, हे तुम्ही कधी विचारलंय?

एका मुलीच्या वहीबद्दल मला ते माहीत होतं, तरी मी गप्प बसले. त्याची मला अजून किळस येते. पलूसला आमच्या घरात मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. आणि त्याच मी कोरेगावच्या एका शाळेत खोट्यासाठी टाळ्या वाजवल्या.

तिथे मी लक्ष न टिकणाऱ्या मुलांना अक्षर शिकवत होते. तिसरीतली एक मुलगी दोन शब्द झाले की खिडकीशी. मग फरशीवर ओल्या बोटानं अक्षरं काढायची, व्हरांड्यात एक फेरी मारायची आणि मगच वहीत एक ओळ, असं आम्ही ठरवलं. तीन महिन्यांनी तिनं आपल्या शेळीवर चार ओळी लिहिल्या. काने तिरके, अर्धी अक्षरं रेघेखाली घसरलेली, पण सगळी तिची. ती वही ती जेवतानाही मांडीवर ठेवायची.

मग तपासणी आली. कच्च्या मुलांच्या वह्या सातवीतल्या चांगल्या अक्षराच्या मुलींकडून नव्यानं उतरवून घ्यायच्या, ही तिथली रीत. कुणाला त्यात काही वाटत नसे. वर्गशिक्षिकांनी तिचीही वही उतरवून घेतली. नव्या वहीवर तिचं नाव घातलं, जुनी रद्दीत टाकली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी पान उलटलं, ‘उत्तम’ असा शेरा दिला आणि तिला पुढे बोलावलं. वहीकडे बघत ती हळूच म्हणाली, "हे माझं न्हाई." लाजते ती, असं वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याची वाटी घेऊन फरशीवर बसले. ती आली, पण दारातच थांबली.

"बाई, त्या दीदीलाच लिहू द्या की. तिचं लय चांगलं हाय."

मी रद्दी उपसून तिची वही काढली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. शाळेचं नाव झालं, तुम्हाला काय त्रास, असं त्यांनी चहा ओतता ओतता विचारलं. मी वही उचलली आणि वर्गात जाऊन तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, उघडली मात्र नाही. पेन्सिल तिनं अजून धरलेली नाही.

म्हणून सांगते, आजच लेकराची तपासणीची वही शाळेतून मागून आणा. त्याला शेजारी बसवून एक ओळ लिहायला सांगा. अक्षर जुळलं नाही, तर लेकरावर ओरडू नका. उद्या शाळेत जा आणि त्यानं स्वतः लिहिलेली वही परत मागा.