फुलीचा पेचकस

हत्यार कधी खोटं बोलत नाही, असं आमचे आबा फार गंभीरपणे सांगत. ते खरंच आहे. हत्यार मुळात बोलतच नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर वाटेल तो आळ घेता येतो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आबांनी तो आपल्या पेचकसावर घ्यायला सुरुवात केली.

आबा मूळचे कुरुळीचे. लढाईच्या काळात शेती भावांवर टाकून ते लष्कराच्या वर्कशॉपात फिटर झाले, आणि पुढे पिंपरीला सडकेच्या कडेने कारखाने उभे राहू लागले तेव्हा त्यांतल्या एकात लागले. आम्ही चिंचवडात दोन खोल्यांत राहत होतो आणि मी तिथल्याच शाळेत शिकवत होतो. कंपनीची यंत्रं परदेशातून आलेली, हिरव्या रंगाची. त्यांच्या स्क्रूंच्या डोक्यावर नेहमीची सरळ खाच नव्हती, फुली होती. फुलीचा पेचकस तेव्हा आमच्याकडे नवलाचा होता. शेजारपाजारचे तो बघायला येत आणि उद्घाटनाच्या भाषणाला डोलवावी तशी, काही न कळता, मान डोलवत.

सरळ खाचेत पेचकस नुसता फिरवला तरी भागतं. फुलीत तो दाबून धरावा लागतो. दाब कमी पडला की टोक वर उसळतं आणि शेजारच्या रंगावर ओरखडा उठतो. आबांच्या यंत्रावर असे ओरखडे दिसू लागले होते. फोरमनने त्यांना बजावलं होतं, आणखी एक दिसला तर यंत्रावरून काढून गेटवर बसवीन. हे आम्हाला आबांनी सांगितलं नाही. त्यांच्याच खात्यातला एक तरुण फिटर, रत्नागिरीकडचा, आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याने सांगितलं. त्याने स्वतःही त्यांना चिडवून घेतलं होतं.

"मामा, स्क्रू पिळताय की गंध उगाळताय?"

"पेचकस झिजलाय रं," आबा म्हणाले होते.

पेचकस झिजला होता हे खरं होतं. त्याच्या टोकाच्या चार धारा चोखलेल्या खडीसाखरेसारख्या गोल झाल्या होत्या. पण त्याच सुमारास आबा भाकरी डाव्या हाताने मोडायला लागले होते, आणि सदऱ्याची बटणं न काढता तो डोक्यावरून ओढून काढत होते, हेही खरं होतं. स्टोअरमधून नवा पेचकस मागता आला असता. मी तसं सुचवलंही. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नवा आणला असता आणि तोही उसळला असता, तर आळ घ्यायला काही उरलं नसतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रविवार होता. पूजेआधी हत्यार नीट झालं पाहिजे म्हणून आबांनी सकाळीच शेगडी पेटवली. टोक लाल करून राखेत पुरून ठेवलं. पोलाद असं हळूहळू निवलं की मऊ पडतं, मग त्यावर कानस चालते. जेवणं झाल्यावर ते ओट्यावर बसले. झिजलेलं टोक आधी थोडं सपाट केलं आणि मग तिधारी कानशीने चारही खाचा खोल करायला घेतल्या. पेचकस गुडघ्याखाली दाबलेला, कानस डाव्या हातात. मी ते पाहिलं, आईने पाहिलं, आणि आपण काही पाहिलं नाही असं आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता ठरवलं.

टोक फुलीत बरोबर बसतं का हे कळायला त्यांनी एक फळी आणली होती. यंत्राच्या पेटीची ती फळी, तिच्यात फुलीचा एक स्क्रू तसाच घट्ट राहिलेला. आईच्या डबीतलं काजळ बोटाने त्या फुलीत भरायचं, पेचकस टेकवून जरासा हलवायचा, आणि टोकावर जिथे काळं लागेल तिथे तेवढंच घासायचं. पुन्हा काजळ, पुन्हा कानस.

"माझं काजाळ समदं संपवा," आई म्हणाली. "उरलं तर त्या फोरमनच्या डोळ्यांत घाला."

"त्याचे डोळे चांगलेच हायती," आबा म्हणाले. "तीच पंचाईत हाय."

चारही धारा उभ्या राहिल्या तेव्हा उन्हं कलली होती. पोलाद पुन्हा कडक व्हावं म्हणून त्यांनी टोक लाल करून करडईच्या तेलात बुडवलं. खोलीभर जळकट वास पसरला. मग ते विटेच्या भुकटीने उजळून निखाऱ्यावर अलगद धरलं. आता तापत्या पोलादावर चढणाऱ्या रंगावर नजर ठेवायची होती. कडब्यासारखा पिवळा आला की त्याच क्षणी विझवायचं. आधी काढलं तर टोक ठिसूळ राहतं, उशीर झाला तर मऊ पडतं. आबांनी ते बरोबर साधलं. मी तेव्हा बरंच वाचत असे. श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे कितीतरी उतारे मला पाठ होते. त्यांतल्या एकातही मनगटाचा उल्लेख नव्हता.

आबा खुशीत होते. फळी आणि पेचकस आईपुढे ठेवून म्हणाले, "घ्या. सुगरणीनं आधी चव बघावी."

आईने पदर खोचला, अंगाचा भार दिला आणि पेचकस फिरवला. स्क्रू करकरला आणि हलला.

"बसला की वो घट्ट," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मला वाटतं, पुढचं तिला तेव्हाच दिसलं असावं.

आबांनी पेचकस घेतला, फुलीत टेकवला, दाबला, फिरवला. टोक उसळलं आणि फळीवर पांढरी रेघ उठली. त्यांनी टोक निरखून बघितलं, काजळ पुसलं आणि पेचकस पुन्हा लावला. दुसरी रेघ पहिलीला चिकटून उठली. या वेळी त्यांनी टोकाकडे बघितलं नाही, मनगटाकडे बघितलं. मग तिसऱ्यांदा पेचकस उचलला.

आई उठली. तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, पाण्याने धुतला, पदराने कोरडा केला आणि देवापाशी नेऊन त्याच्या मुठीला हळदकुंकू लावलं.

"अगं, खंडेनवमी उद्या हाय," आबा म्हणाले.

"आसंल. आता दसरा हुईस्तवर त्याला हात लावायचा न्हाई."

"आज कशापायी?"

"देवाला काय घड्याळ हाय व्हय?"

पूजलेलं हत्यार वापरायचं नाही, हे आबांनी आयुष्यभर पाळलेलं होतं. फळी उचलून त्यांनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि आई त्यांच्यापुढे चहा ठेवताना कपाचा कान डावीकडे येईल असा ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा होती, घरच्यांनाही बोलावलं होतं. मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी, कामगाराचा हात हाच राष्ट्राचा हात आहे, असं सांगितलं. टाळ्या बऱ्याच पडल्या. आबांनी हात जोडलेले होते, त्यामुळे त्यांना वाजवता आल्या नाहीत. त्यांच्या यंत्रावरची झेंडूची माळ नेमकी ओरखड्यांवर आली होती, आणि ते यंत्र त्या दिवशी अगदी निष्कलंक दिसत होतं.

दसरा झाल्यावर कामावर निघताना त्यांनी कुंकू पुसलं, शेजारच्या फिटरला हाक मारली आणि पेचकस त्याच्या हातात दिला.

"मामा, हा तुमचा ना?"

"दाबून धरत जा," आबा म्हणाले. "धारा नव्या हायती."

मग ते स्वतःच फोरमनकडे गेले आणि म्हणाले, मला गेटवर बसवा. नवा ओरखडा उठलेला नव्हता. फोरमनने कारण विचारलं नाही, एवढं सौजन्य त्याने दाखवलं. संध्याकाळी आईने विचारलं, कसं काय हाय तिथं. "सावली हाय," आबा म्हणाले, आणि सदरा डोक्यावरून ओढायला लागले. बाही अडकली. आईने ती सोडवली. त्यानंतर ती रोजच सोडवू लागली.

गेटवर कंपनीने त्यांना एक खुर्ची दिली होती. ती खिळ्यांनी ठोकलेली होती. तिच्यात एकही स्क्रू नव्हता.