म्हशीनं चढवलेला घाट

आमच्या मामांची, म्हंजी माझ्या सासऱ्यांची, जुनी गाडी मी सोता दुरुस्त कराय घेतली, आन त्याच दिवशी ती पहिल्यांदा जमीन सोडून वर गेली.

मामांचं एकच म्हणणं हुतं. "जावईबापू, ह्याच गाडीतनं एकदा पन्हाळ्याला न्या. मग घाला भंगारात. तिला बी आन मला बी."

गाडी पाच वर्सं परड्यात चिंचंखाली निजलेली. इंजनाचं वरचं हेड काढून आतलं गॅसकेट बदलाय पायजे, एवढं मला कळत हुतं. (एवढंच कळत हुतं.) सगळं बोल्ट काढलं. हेड हालंना. ठोकलं, राकेल पाजलं, पहार घातली. हेड आपलं ध्यानाला बसलेलं.

"रज्जाकभाई मिस्त्रीला बोलवा की," बायको म्हणाली.

"मिस्त्रीच बोलवायचा तर जावई कशाला?"

"त्योच इचार मी लग्नापासनं करतीया."

दुपार पेंगुळली हुती. चिंचंची सावली गाडीवर झुलत हुती. "मी ष्टेरिंग धरतो, तुम्ही वडा," म्हणून मामा आत बसलं आन दोन मिन्टांत घोराय लागलं. मी हेडाला दोर बांधला, फांदीवरनं टाकला, दुसऱ्या टोकाला आमची म्हस जुपली आन तिच्याम्होरं सरकी पेंडंची पाटी ठेवली.

म्हस झोपंत चालल्यागत निघाली. दोर ताटला. आन गाडीचं तोंड सावकाश, ढगाकडं बघत, वर उचललं. पुढची दोन चाकं हवंत अलगद फिराय लागली. मला बी वाटलं, उडतीया आता. आत मामा डोळं मिटून हसलं.

"घाट लागला जणू. गार वारं आलं बघा."

"माझा बा वर गेला की वो," बायको म्हणाली. "खाली कसा आणायचा?"

म्हस पाटी सोडंना. शेवटाला बायकोनंच रज्जाकभाईला आणलं. त्यांनी म्हशीला चुचकारत मागं घेतली, गाडी टेकली, मामांनी नुसती कूस बदलली. रज्जाकभाई इंजनावर वाकलं.

"ह्यो एक बोल्ट राहिलाय की."

"त्यो? त्यो देव हाय," मी म्हणालो.

मामांनी दर दसऱ्याला हेडाच्या त्याच कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेलं. थरावर थर चढून लिंबाएवढा गोळा झालेला. 'हेड सुटू दे' म्हणून सकाळी मी त्याच्याच पाया पडलोतो. रज्जाकभाईनं आधी त्याला हात जोडलं, मग खरवडलं. आत बोल्ट. त्यो निघाला, आन हेड लेकरू कडंवर यावं तसं हातात आलं.

आठ दिसांनी गाडी सुरू झाली. हार घालून दारात आणली. "चला मामा, पन्हाळ्याला."

"पुन्ना कशाला?" मामा म्हणालं. "परवाच न्हेलतं की तुम्ही. काय घाट चढवला, एक धक्का न्हाय!"

आता समद्या पै-पावण्यांत माझ्या डायवरकीचं नाव हाय. खरी डायवर गोठ्यात रवंथ करतीया. ती बोलत न्हाय, म्हणून माझी अब्रू हाय.