राख पडलेलं कबूतर

नातीच्या पोस्टर कलरची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी पंचेचाळीस वर्षं मागे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या शाळेत पोचले. शांततेवरच्या पोस्टर स्पर्धेसाठी चित्र माझं होतं, कविता माझ्या वर्गातल्या नलूची. आणि आमची तर कट्टी! मी शेजारीच बसलेली असताना ती म्हणायची, "बाई, तिला सांगा, माझ्या ओळींना जागा ठेव म्हणावं."

पांढरंशुभ्र कबूतर व्हरांड्यात वाळत ठेवलं, तर वीजकेंद्राच्या उंच चिमणीतली राख त्याच्या ओल्या रंगावर येऊन बसली. दोघी एकदमच फुंकर मारायला वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटलं.

"लागलं का गं?" नलूनं मलाच विचारलं.

करड्या कबुतराला बक्षीस मिळालं नाही, म्हणून मी तेव्हा रडले होते. आज नलूच्या कवितेची एकही ओळ आठवत नाही. "लागलं का गं?" तेवढं आठवतं.