वरवंटा बांधलेलं मशीन

एका सकाळी पाट्यावर वरवंटा नव्हता. ठेच्याच्या मिरच्या भाजून झाल्या होत्या, लसूण सोलून ठेवला होता, मीठ पाट्यावर पडलं होतं आणि वरवंट्याचा पत्ता नाही. धुळ्यात चोऱ्या होतात, नाही असं नाही, पण घरात शिरून वरवंटा नेणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. म्हणून मी कोणालाही न विचारता सरळ वर्कशॉपात गेले. आमचं स्वयंपाकघर आणि ह्यांचं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच दार आहे, आणि घरातली जी वस्तू सापडत नाही ती त्या दारातून गेलेली असते.

वरवंटा तिथेच होता. एका फळीवर, मोटारीच्या शेजारी, तारेने करकचून बांधलेला. माझ्या सासूबाईंचा वरवंटा. घरातल्या सगळ्या बारशांना बाळाच्या आधी पाळण्यात गेलेला, टोपडं घालून मिरवलेला. त्याच्यावर ग्रीसची बोटं उमटली होती. मी जे बोलायचं ते बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी बघ तर खरं.

ते काय करत होते ते सांगायचं तर आधी माझ्या जेठांचं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचं, सांगायला हवं. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. भाऊ तुंबलेली गटारं मोकळी करण्याची कामं घेतात. पूर्वी एका ठेकेदाराकडे होते. त्याच्याकडे ड्रमचं मशीन होतं. एक आडवं पिंप, त्यात स्प्रिंगसारखी पीळदार पोलादी केबल गुंडाळलेली. मोटार पिंप फिरवते, केबल गरगरत पाइपात शिरते आणि आतले केस, चिंध्या, झाडांची मुळं फोडत जाते. काम झकास होतं. पण केबलचं टोक आत कशात तरी रुतून बसलं तर पिंप थांबत नाही, ते फिरतच राहतं. मग सगळा पीळ मागे येतो आणि केबल धरणाऱ्याच्या हातावर वेटोळं घालते. भाऊंचा उजवा हात तसा सापडला. मनगट मोडलं ते मोडलं, बसलं तेही वाकडं. ताटातला घास ते अजून डाव्या हाताने उचलतात आणि चारचौघांत जेवायला बसायचं टाळतात.

तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात एकच होतं, भाऊंसाठी असं मशीन करायचं की जे वेळेवर हात सोडेल. बटण आणि मूठ त्यांनी डाव्या बाजूला घेतली, भाऊंना चालवता यावं म्हणून. मोटार आणि पिंप यांच्यामध्ये साखळी न घालता पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा घातला. मोटार एका फळीवर बसवली, फळीचं एक टोक दाराच्या बिजागरीने जोडलं. मोटारीच्या वजनाने फळी खाली राहते आणि पट्टा ताणलेला राहतो. केबल आत रुतली की पिंप अडतं, पट्टा मोटारीला ओढतो, फळी वर उचलली जाते आणि पट्टा सैल पडतो. मोटार नुसती घुमत राहते, पिंप गप्प. फक्त वजन थोडं कमी पडत होतं. ते पुढेमागे सरकवता यावं, मुळांना जास्त, केसांना कमी, असं काहीतरी हवं होतं. आणि माझा पाटा दारातून दिसत होता.

ह्यांनी त्या सकाळी केबलचं टोक शिकंज्यात पकडलं आणि बटण दाबलं. मी घाबरून मागे सरले. पिंप अर्धा वेढा फिरलं, फळी वरवंट्यासकट उचलली गेली आणि पिंप थांबलं. भाऊ केबलवर हात ठेवून उभे होते. त्यांनी हात काढला नाही. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी स्वयंपाकघरात येऊन मिरच्या मिक्सरमधून काढल्या. मिक्सरचा ठेचा म्हणजे ठेच्याची चेष्टा, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

पुढे ते मशीन धुळ्याच्या गल्ल्यांतून फिरलं, शिरपूरच्या वसतिगृहांत गेलं. भाऊ जातील तिथे पोरंटोरं जमायची, दगड का बांधला विचारायची. भाऊ सगळ्यांना फळी उचलून दाखवायचे. लोक मोबाइलवर व्हिडिओ काढायचे. दसऱ्याला अवजारांची पूजा झाली तेव्हा ह्यांनी वरवंट्यालाही कुंकू लावलं. मी वरवंटा परत मागायचं सोडलं नव्हतं, पण मागण्यात पूर्वीचा जोर राहिला नव्हता.

मग कोणीतरी पेटंटचं खूळ डोक्यात घातलं. खूळ म्हणते आहे मी, पण तेव्हा मलाही ते पटलं होतं. ह्यांचं म्हणणं होतं की हे मशीन कोणीतरी मोठा कारखानदार उचलणारच. मग निदान कसं करायचं ते आपल्या हातात असावं. पट्टा सैल पडण्याची सोय नसलेलं एकही मशीन विकू द्यायचं नाही, अशी अट घालायची. भाऊंचा हात त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. जळगावला पेटंटची कामं करणारे एक साहेब होते, त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. साहेबांनी बसवलं, चहा दिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, बाजारात अशी मशीनं आहेत, मग तुमच्यात नवीन काय? ह्यांनी छाती काढून सांगितलं, बठ्ठंच नवीन शे, सगळंच. साहेबांनी मशीनचे चांगले फोटो आणि आकृत्या आणायला सांगितल्या, अर्ज मुंबईच्या पेटंट कचेरीत जायचा होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घरी आल्यावर ह्यांनी मशीनकडे बघितलं, आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदाच ते परक्याच्या नजरेने बघितलं. गिरणीचा पट्टा, दाराची बिजागरी, तारेने बांधलेला वरवंटा. साहेबांच्या टेबलावर ज्या गुळगुळीत मशीनची चित्रं पाहिली होती त्यात असलं काही नव्हतं.

“मुंबईना साहेब आपला दगड पाहीसन हासतीन,” हे म्हणाले. “म्हनतीन, खानदेशी मानूस, दुसरं काय करी?”

आणि त्यांनी ते सगळं काढलं. बिजागरी काढली, फळी काढली. नवी साखळी आणली, तिच्या दातेरी चकत्या आणल्या, मोटार बोल्टने पक्की आवळली. पिंपाला निळा रंग दिला, चाकांना काळा, बटण आणि मूठ तेवढी डावीकडे होती तशीच राहिली. वरवंटा धुऊन, पुसून माझ्या पाट्यावर आणून ठेवला. मला आनंद झाला, का खोटं बोलू? भाऊ मात्र लांबून बघत राहिले आणि एवढंच म्हणाले की आता हे मशीन माझ्या ओळखीचं राहिलं नाही. हे त्यांना म्हणाले, कागदापुरतं आहे भाऊ, कामाला तुमचं जुनं पुन्हा बांधून देतो. तसं दिलंही, दुसऱ्या सांगाड्यावर, गिरणीचाच पट्टा लावून. वजनाला लोखंडाचा एक ठोकळा बांधला. पण फोटो निळ्या मशीनचे गेले. आकृत्या निळ्या मशीनच्या गेल्या. सगळा मजकूर त्याच निळ्या मशीनवर बेतला गेला. अर्ज गेला आणि त्यानंतर जळगावच्या एका प्रदर्शनात ते निळं मशीन मांडलं, हे इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या शेजारी उभे राहिले. पेढे वाटले. लोकांनी मशीनबरोबर फोटो काढून घेतले.

बराच काळ काही कळलं नाही. मग तपासणीचा अहवाल आला. वर्कशॉपचे कागद मीच सांभाळते, म्हणून मी तो आधी वाचला, शब्दकोश घेऊन. त्यात परदेशातल्या जुन्या पेटंटांचे क्रमांक होते. फिरणारं पिंप, जुनं. पिंपातली केबल, जुनी. मोटार, साखळी, चाकं, सगळं आधी कोणीतरी केलेलं. हे सगळं एकत्र आणणं या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचेल, असा त्याचा अर्थ होता. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते की मी कुठेच बघितलं नव्हतं, भाऊंच्या ठेकेदाराचं सोडून. ते खरं होतं. पण पेटंटला तेवढं पुरत नाही. दुसऱ्याने आधी केलंय, एवढ्यावर तुमचं नवेपण संपतं.

सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली, जळगावच्या साहेबांच्या खोलीत. आम्ही तिघं गेलो, भाऊसुद्धा. पडद्यावरचे अधिकारी शांत होते, मराठीत बोलले. मी त्यांना राक्षस समजून गेले होते, पण त्यांनी खरोखर मदत करावी अशा सुरात विचारलं की हे सगळं जर आधीचं आहे, तर तुमचं स्वतःचं यात काय? हे खाली बघत म्हणाले, “साहेब, त्याच्यावर वरवंटा होता.”

जळगावच्या साहेबांनी चमकून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी सगळं सांगितलं, बिजागरी, फळी, पट्टा कसा सैल पडतो ते, वजन पुढेमागे का सरकवायचं ते. भाऊंनी आपलं मनगट पडद्यापुढे धरलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके, आणि म्हणाले की कल्पना चांगली आहे, यावर विचार झाला असता. पण ही तुमच्या अर्जात कुठे आहे? आम्ही अर्जाच्या पानांकडे बघत बसलो, जणू ती तिथे उगवणार होती. अर्जात जे मुळात नाही ते नंतर घालता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, त्यांचा आवाज उतरला होता.

पडदा बंद झाल्यावर मी जळगावच्या साहेबांना विचारलं की मग नवा अर्ज करायचा का, वरवंट्याचा. त्यांनी विचारलं, ते मशीन लोकांसमोर चाललंय का? भाऊ म्हणाले, गल्लोगल्ली. व्हिडिओसुद्धा आहेत. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. जे जगाने आधीच बघितलंय ते नवं धरत नाहीत. ज्यांच्यापुढे लपवायचं नव्हतं त्यांच्यापुढे लपवलं, आणि ज्यांच्यापुढे झाकून ठेवायला हवं होतं त्यांना भाऊंनी फळी उचलून दाखवली.

बस नशिराबादला पोचली तेव्हा कुठे चूक कळली, नशिराबाद धुळ्याच्या वाटेवरच नाही. ह्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, ह्यांनी भुसावळच्या बसमध्ये आम्हाला बसवलं होतं. उतरून उलट्या बसची वाट बघताना माझा संयम सुटला.

“मंग तुम्ही सांगं कसाले नही?” मी म्हटलं. “दगडनी लाज वाटनी तुम्हले?”

“हां,” हे म्हणाले. “वाटनी.”

मला भांडायचं होतं आणि समोर भांडायला कोणी उरलं नव्हतं. भाऊ वाकड्या हाताने रुमाल काढून तोंड पुसत होते.

अर्ज नामंजूर झाला. हरलो त्याचं दुःख मी एव्हाना गिळलं असतं. पण परवा, पावसाळ्याच्या तोंडी, दोंडाईचाहून एक माणूस लोडिंग रिक्षात मशीन घालून दुरुस्तीला आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मशीन कुठल्या तरी कंपनीचं, दुकानातून घेतलेलं, पिंप वाकलेलं, केबलचा गुंता झालेला. पिंप निळं. चाकं काळी. मोटार बोल्टने आवळलेली, साखळी चकचकीत. हे कौतुकाने वाकून बघायला गेले आणि थांबले. बटण आणि मूठ डाव्या बाजूला होती.

जगात कोणी ड्रमच्या मशीनची मूठ उगाच डावीकडे घेणार नाही. ती भाऊंसाठी घेतलेली होती. ज्याने प्रदर्शनातलं मशीन बघून हे बनवलं, त्याने का ते न विचारता तीसुद्धा उचलली होती. आमचं मशीन आमच्या दारात आलं होतं, एका माणसाचा हात मोडून.

तो माणूस विचारत होता, दुरुस्त होईल का, पोटाचा प्रश्न आहे. मशीन आमचं आहे असं ह्यांनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. भाऊ पुढे झाले, त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि आपला हात त्याच्या प्लास्टरशेजारी ठेवला. विचारलं, केबल झाडाच्या मुळांत अडकली होती का? तो म्हणाला, साडीत. न्हाणीच्या पाइपात कोणीतरी साडीचा तुकडा सोडला होता.

हे दारातून स्वयंपाकघरात आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुना वरवंटा दे.”

मी पुसून दिला. त्याला मिरचीचा वास होता.

संध्याकाळपर्यंत त्यांनी साखळी काढून फेकली, पट्टा लावला, बिजागरी बसवली, फळी जोडली. वरवंटा तारेने बांधला. केबलचं टोक शिकंज्यात पकडून बटण दाबलं, फळी उचलली गेली, पिंप थांबलं. त्या माणसाने सगळं बघितलं, पण नजर पुन्हा पुन्हा दगडावरच जात होती. घरी गेल्यावर लोक काय म्हणतील ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने संकोचून विचारलं की याच्या जागी लोखंडाचं काही बसवता येईल का, जरा बरं दिसेल असं.

“लोखंड बसाड, सोनं बसाड,” हे म्हणाले. “पन फोटो काढाले गया ते हाई वजन उतारू नको.”

का ते त्याला समजलं नाही. वरवंट्यासकट रिक्षा गेली. अशी निळी मशीनं आणखी किती विकली गेली, आम्हाला माहीत नाही. त्या दिवसापासून भाऊ रोज दुकानादुकानांत फोन लावून विचारतात, निळ्या मशीनची मूठ कोणत्या बाजूला आहे.