देवाच्या वळूला नोकरी

"ऊठ रं शंभ्या," म्हणत सोनामावशींनी वळूच्या पाठीवर थाप मारली. शंभू उठला, पण मागचे दोन्ही पाय ताणून थरथरत उभा राहिला. थोडं चालवल्यावर कापरं थांबलं.

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं धर्मापुरीजवळ चारा छावणी काढली होती. मी सोसायटीची जनावरांची डॉक्टर. शंभू महादेवाला सोडलेला वळू. लाड सगळ्या गावाचे, सांभाळ मावशींचा.

या आजाराला आम्ही 'क्रॅम्पी' म्हणतो. नसा आणि स्नायूंचं बिनसतं, मागचे पाय आखडतात. बरा होत नाही, पण फिरतं ठेवलं तर जनावर वर्षानुवर्षं निभावतं. मात्र हा आजार वासरांत उतरू शकतो, म्हणून अशा वळूकडून गाई भरवायच्या नाहीत.

चेअरमनसाहेबांनी तेवढंच ऐकलं. "मॅडम, खच्ची करा, न्हाईतर भाईर काढा. फुकटचा चारा कावून घालायचा?"

"देवाच्या वळूला खच्ची करता?" मावशी म्हणाल्या. "आन् भाईर काय खाईल त्यो? धोंडे?"

बाहेर खरंच गवताची काडी नव्हती. मला साहेबांचा रागच आला.

"साहेब, शंभूला नोकरीवर घ्या," मी म्हणाले.

अशक्त गाई 'मुका माज' करतात. म्हणजे माजावर येतात, पण हंबरत नाहीत, काही दाखवत नाहीत. त्यामुळे कृत्रिम रेतनाची आमची वेळ हुकायची. वळूला मात्र वासानं कळतं. नसबंदी केली की तो वळूच राहतो, फक्त वासरं होत नाहीत.

"वळूची नसबंदी?" साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. शेणी थापणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"देवाला इचारून येते," म्हणून मावशी देवळात गेल्या आणि लगेच परतल्या.

"काय म्हणाला देव?"

"काईच न्हाई म्हनला. म्हंजी चालतंय."

शस्त्रक्रिया छोटीशीच. नंतर काही आठवडे शंभूला गाईंपासून लांब बांधलं, कारण आधीचं बीज अंगात उरतं. मग मावशी रोज सकाळी त्याला दावणीवरून फिरवू लागल्या. पायांनाही तेच औषध होतं.

पहिल्याच दिवशी तो एका गाईपाशी थांबला, वरचा ओठ मुडपून हलेचना. गाय चेअरमनसाहेबांची. ती आता भाकडच राहणार, असं ते सगळ्यांना सांगत.

मी रेतन केलं. पुढं तपासणीत गाय गाभण निघाली, तेव्हा मला नाचावंसं वाटलं. मावशींनी शंभूच्या शिंगांना गुलाल लावला, उरलेला माझ्या कपाळाला.

त्यानंतर छावणीत शिरताच साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "शंभूनं खाल्लं का?"

तेव्हापासून मी चेअरमन लोकांना रोग समजावत बसत नाही. जनावर काय कामाचं आहे, तेवढंच सांगते.