नंदूचा अल्बम संपत नाही

ब्लूज गाणाऱ्या माणसाबरोबर दोन वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. एसटीच्या सीटखाली शेंगांची टरफलं साचतात तसे ते आपोआप साचतात. झाडून काढायचं कोणाच्या मनात येत नाही, एवढंच.

मी रोह्यात लग्नाचे व्हिडिओ करतो. नंदू वरसे गावचा, केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा आणि हाती येईल ते वाद्य वाजवणारा. त्याची बायको सुजाता पेणची. भावाच्या, म्हणजे सतीशच्या, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे तीच आखायची. काविळीचं निमित्त झालं आणि गेली. त्यानंतर नंदूने तिच्यासाठी अल्बम करायला घेतला. वाजवणार तो, गाणार तो. रेकॉर्डिंग मी करणार आणि जागा सतीशची.

* * *

पहिल्याच दिवशी सतीशने विचारलं, "भावोजी, ब्लूज म्हणजे नक्की काय?"

नंदू म्हणाला, "एक ओळ गायची. तीच परत गायची. मग तिसरी वेगळी."

सतीशने ब्रश धुता धुता विचार केला. "म्हणजे बायको काम सांगते तसंच. दोनदा तेच, तिसऱ्यांदा आवाज बदलून."

सुजाता गेल्यापासून नंदू त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मग बराच वेळ गिटारच्या तारा लावत बसला. त्या आधीच लागलेल्या होत्या.

* * *

मुंबईच्या एका साउंडवाल्याला मी काही गाणी ऐकवली. तो खूश झाला. म्हणाला, "पहिल्या गाण्यात आवाज कानाशी आहे आणि पुढे पुढे लांब जातोय. शेवटी तर माणूस रिकाम्या देवळात गातोय असं वाटतं. कुठलं सॉफ्टवेअर वापरलंत?"

आता याला काय सांगणार? आम्ही सुरुवात केली तेव्हा कारखान्याच्या शेडमध्ये मूर्ती खचाखच भरल्या होत्या, त्यामुळे आवाज घुमायला जागाच नव्हती. मग ट्रक भरू लागले. मूर्ती गेल्या तसा घुमारा वाढला.

मी म्हटलं, "सॉफ्टवेअर नाही हो. गणपती गेले."

तो सॉरी म्हणाला. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

* * *

अल्बम दर दोन महिन्यांनी पूर्ण व्हायचा. मी म्हणायचो, "झालं, आता ऑनलाइन टाकू." दुसऱ्या दिवशी नंदू नवीन वाद्य घेऊन हजर! आधी माउथ ऑर्गन, मग बास, मग कोणाची तरी जुनी पेटी. नागोठण्याच्या एका बँडवाल्याने धंदा बंद केला, तर त्याची क्लॅरिनेट घेऊन आला. ती शिकायला तीन महिने गेले.

वरशात त्याच्या शेजारच्या काकूंनी मला गाठलं. "वरातीची तयारी हाय व्हय?"

"नाय काकू, तो ब्लूज वाजवतो."

"असंल बाबा. आमाला आपलं वाटलं, वरात निघाली नि नवरी पळाली."

* * *

एकदा मीच घोळ घातला. रोह्याजवळच्या एका हळदीला डीजे उशिरा येणार होता, तेवढा वेळ मी नंदूला उभा केला. हळदीला आमच्याकडे भिंती हादरायला लागतात. हा खुर्चीवर बसून डोळे मिटून संथपणे गायला लागला. पोरांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि सरळ जेवायला गेली. बायका मात्र हलल्या नाहीत.

गाणं संपल्यावर नवरीची आजी उठून त्याच्यापाशी आली. मला वाटलं आशीर्वाद देतेय.

"मेल्या," ती म्हणाली, "लेक उद्या जायाचीय. आजच कशाला रडवतोस?"

पदराने डोळे पुसून ती पुन्हा जागेवर बसली. म्हणाली, "अजून एक हाय का?"

* * *

पेणच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी शेवटी चिडलो. "नंदू, आता कुठलं वाद्य उरलंय? सनई?"

तो रस्त्याकडे बघत होता. "अल्बम चालू हाय तोवर ड्युटीवरून आलो की सुजाचं काम असतं मला. संपला की घरी येऊन करू काय?"

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात रोह्याची गाडी लागली.

* * *

गणपती झाल्यावर एका दुपारी आम्ही शेवटचं गाणं घेत होतो. शेड रिकामी होती. सतीशच्या आई मागच्याच घरात राहतात. लेक गेल्यापासून त्यांची आठवण मागेपुढे होते. सुजाता शेडमध्ये डोळे आखत बसलीय असं त्यांना कधीकधी वाटतं. घरातले त्यांना हळूच समजावतात. नंदूला ते सहन होत नसे, तो उठून बाहेर जायचा. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही आतून कडी लावायचो. त्या दिवशी मी विसरलो.

नंदू तिसऱ्या ओळीवर होता आणि दार वाजलं. आई आत आल्या.

"नंदू, भात निवला रे. सुजा कवाची थांबलीय तुझ्यासाठी."

सतीश "आई, अगं..." म्हणत पुढे झाला. मी रेकॉर्डिंग बंद करायला हात नेला. नंदूने मान हलवून मला नको म्हटलं. गिटार भिंतीला टेकवली. ती थोडा वेळ घुमत राहिली.

"आलो आई," तो म्हणाला. "तिला म्हणावं, सुरू कर."

आणि त्यांच्या मागोमाग गेला. आम्हीही गेलो. आईंचं जेवण झालं होतं, आम्ही तिघेच होतो. आईंनी चार पानं वाढली होती. नंदू चौथ्या पानाशेजारी बसला आणि पोटभर जेवला.

परत आल्यावर त्याने हेडफोन लावून सगळं ऐकलं. गाणं, दार, आईंचा आवाज, आमच्या चपला आणि नंतरची रिकामी शेड. मी विचारलं, "कुठून कापू?"

त्याने हेडफोन काढले.

"कापू नको. झाला अल्बम. टाक."