हरलेल्याचं स्टूल

वहिनींच्या बाहेरच्या खोलीत एक लाकडी स्टूल आहे. त्याला पाठ नाही, हात नाहीत, आणि एक पाय आखूड म्हणून त्याखाली दुमडलेला पुठ्ठा. आवराआवरी करताना वहिनींनी ते कितीदा तरी भंगारात काढायचं मनावर घेतलं. दर वेळी त्यांचे यजमान आणि यजमानांचे मित्र एका सुरात ओरडले, "त्याला हात लावायचा नाही!" एरवी या दोघांचं कशावर एकमत झालेलं वहिनींनी पाहिलं नव्हतं.

यजमान बस डेपोत फोरमन होते; निवृत्त झाल्यावरही सगळे फोरमनच म्हणतात. मित्राचं चष्म्याचं दुकान. ओळख झाली तीच भांडणातून. टीव्हीवरचा स्कोअर दिसेना म्हणून फोरमन चष्मा करायला गेले, तर दुकानात टेनिसचा सामना लागलेला. समोर गिऱ्हाईक बसलंय, अक्षरं वाचून घ्यायची आहेत, हे चष्मेवाल्यांच्या गावीच नाही.

"काय ते मनगट! बॅकहँड नाही हो हा, रेशीम आहे रेशीम!"

"मनगटाचं काय कौतुक?" फोरमन खुर्चीतूनच म्हणाले. "समोरच्याचे पाय बघा. भिंत आहे ती. टाकाल तो चेंडू परत."

"भिंतीला काय अक्कल लागते?"

"मग तुमचं रेशीम तिच्यावर आपटून का फाटतंय?"

भाजीची पिशवी घेऊन बाकावर ताटकळलेल्या वहिनींनी तेव्हाच ओळखलं, आज काही चष्मा होत नाही. झाला नाहीच. झाली ती दोस्ती.

मग रविवार दुपार चष्मेवाल्यांची ठरून गेली. एकटा जीव, दुकानाला कुलूप लावून, चष्मा कपाळावर चढवून यायचे आणि आल्या आल्या "माझा चष्मा कुठे राहिला?" म्हणून खिसे चाचपायचे. खेळाडू आले, गाजले, निवृत्त झाले. पण या घरात कायम एक रेशीम आणि एक भिंत असायचीच. उपजत देणगी मोठी की घाम, हा खटला काही निकालात निघाला नाही. कायदा मात्र एक होता: ज्याचा गडी हरेल त्याने सामना संपल्याबरोबर स्टुलावर बसायचं. जिंकणारा आरामखुर्चीत. आणि पहिलं बोलायचा मान स्टुलाचा, कारण निमित्तं सांगायला वेळ लागतो.

गेल्या वर्षी फोरमनना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, हळूहळू काठी धरून चालायलाही लागले. बोलणं मात्र अडलं. शब्द डोक्यात असायचा, ओठांवर वाकडा व्हायचा. डेपोभर ज्यांचा आवाज घुमायचा, ते मग बोलेचनात. पाणी हवं तर बोटाने दाखवायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज बजावायची, "काका, बोलत राहिलात तरच जीभ सुटेल. आणि थोडा वेळ बिनटेकाचं बसत जा, कण्यात जोर येईल." काका आरामखुर्चीत डोळे मिटून घ्यायचे. वहिनींना रात्रंदिवस एकच घोर: हा माणूस असाच मुका होऊन बसणार की काय?

चष्मेवाले एक रविवार चुकले नाहीत. दवाखान्यात आले, घरी आले. फोरमनची नखंसुद्धा काढून दिली त्यांनी. पण सामना संपला की कोणीही जिंको, स्वतःच जाऊन स्टुलावर बसायचे.

एका रविवारी तर रेशमाने भिंतीची पार दैना केली. जाळ्यापाशी अलगद टाकलेले चेंडू, आणि भिंत धापा टाकत पळतेय. चष्मेवाल्यांनी आनंदाने टाळी वाजवायला हात उचलले, फोरमनकडे पाहिलं आणि हात गुडघ्यांवर ठेवले. "आमचा नशिबाने जिंकला रे. खेळ खरा भिंतीचाच." एवढं बोलून मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसले.

फोरमननी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि मान फिरवली.

वहिनींच्या हातातला चहा तसाच राहिला. आजारपणातही त्यांनी नवऱ्याचा असा चेहरा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा स्क्रू ढिला झाल्याचं निमित्त करून त्या दुकानात गेल्या. चष्मेवाल्यांनी स्क्रू पाहिला. "हा तर घट्ट आहे, वहिनी."

"ठाऊक आहे. भाऊजी, तुम्ही यांना जिंकवताय ना, ते थांबवा."

चष्मेवाले काच पुसू लागले. "मला भीती वाटते. मी डिवचलं, तो बोलायला गेला आणि शब्द अडला, तर त्या वेळी मी कुठे बघू?"

"कुठेही बघा. टीव्हीकडे बघा. पण त्यांच्याशी भांडा. बाकी सगळे त्यांच्याशी गोडच बोलतात हो, मीसुद्धा. भांडणारे तुम्ही एकटेच होतात."

पुढच्या स्पर्धेत पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली. शेवटचा सेट टायब्रेकपर्यंत गेला. रेशमाने एक चेंडू असा काही जाळ्यालगत ठेवला की भिंत पोचेपर्यंत तो दुसरा टप्पा घेऊन मोकळा झाला. खेळ खलास.

चष्मेवाले उठले, टीव्ही बंद केला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि आरामखुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "ऊठ रे. खुर्ची माझी."

फोरमननी मित्राकडे रोखून पाहिलं. मग काठी धरली. वहिनी आधार द्यायला पुढे झाल्या, तर फोरमननी डाव्या कोपराने त्यांना मागे सारलं. पाय ओढत ओढत ते स्टुलापर्यंत गेले आणि बसले. टेकायला काही नाही. एकदा उजवीकडे कलले, सावरले.

चष्मेवाले आरामखुर्चीत ऐसपैस रेलले. "बोल. पहिला मान तुझा. का नसेल काही बोलण्यासारखं, तर मीच सांगतो. देणगी लागते, फोरमन! नुसतं पळून काय होतंय?"

फोरमनचे ओठ हलले. शब्द अडला. चष्मेवाले वहिनींनी सांगितल्याप्रमाणे टीव्हीकडे बघू लागले, बंद टीव्हीकडे.

"पा... पाय," फोरमन म्हणाले. "पाय द... दमले. परवा... पाच सेट. म्हणून."

"निमित्तं!" चष्मेवाले गरजले. "दमायला सांगितलं होतं कुणी?"

"तु... तुझं रेशीम," फोरमन लालबुंद झाले, "एरवी तीन सेटात... हरून घरी जातं. दमणार... कधी?"

चष्मेवाले हसता हसता खोकायला लागले. डोळे पुसायला चष्मा काढला आणि विसरून पुन्हा कपाळावर चढवला. वहिनी चहाच्या नावाखाली आत गेल्या. आधण उकळून उकळून निम्मं झालं तरी त्यांना गॅस बारीक करायचं सुचलं नाही. बाहेर एक आवाज सलग होता, एक तुटक. पण होते दोन. हात जोडायला त्यांना देवघरापर्यंत जावं लागलं नाही. तिथेच ओट्यापाशी, बाहेर चाललेल्या भांडणाच्या दिशेने त्यांनी हात जोडले.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा काखेत एक उशी होती. त्यांनी ती हळूच स्टुलावर सरकवायला घेतली.

"वहिनी, उशी नियमात नाही हां," चष्मेवाले म्हणाले.

"उशी... नको," फोरमन म्हणाले. आणि अडलेले शब्द जुळवत, मित्राच्या कपाळाकडे बोट दाखवून पुढे म्हणाले, "याला... चष्मा दे. शोधेल... आता."